बाबांना उचलण्याची तालीम

ताईच्या तेराव्याला जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "बिचारी आयुष्यभर घाबरून जगली." सांत्वनाला आलेलं माणूस काय बोलतं ते मनावर घ्यायचं नसतं, हे मला कळतं. मी तेव्हा गप्प राहिले. एरवीही मी कमीच बोलते. पण ते वाक्य माझ्या घरातून गेलं नाही. भांडी विसळताना, पुस्तकाचं पान उलटताना ते मध्ये येतं. म्हणून हे लिहायला बसले आहे, सावकाश, जमेल तसं. माझी बहीण घाबरट नव्हती. ज्या घरात पावसाळ्यात पुराचं नावसुद्धा काढायचं नाही अशी रीत होती, त्या घरात ती ते रोज काढत होती. घाबरलेली माणसं आम्ही होतो, आणि आम्ही गप्प बसण्याला धीर म्हणत होतो.

आमची चाळ मुलुंडला, डोंगराच्या बाजूला. आम्ही तळमजल्यावर, शेवटच्या खोलीत. मागच्या भिंतीला लागून डोंगरावरून येणारा नाला. शेजारच्या गाळ्यात प्रेस मशीन चालायची आणि तिच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आमच्या मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. आम्हांला ते ऐकू येत नसे. गाळा बंद असला की मात्र घर ओकंबोकं वाटायचं. नाल्याचाही आवाज तसाच. उन्हाळ्यात तो सरपटायचा, पावसात दगडांवरून धडधडत जायचा. एक-दोन वर्षांआड तो घरात यायचा. घोट्यापर्यंत, कधी त्याहून थोडा वर. आम्ही खाटेवर पाय घेऊन बसायचो, संध्याकाळपर्यंत तो जायचा, मागे चिखल आणि वास ठेवायचा. आई फिनेल टाकून फरशी धुवायची आणि म्हणायची, "गेला. आता त्याचं नाव नको."

नाव नको, कारण वास्तू तथास्तु म्हणते. आपण घरात जे बोलतो त्यावर घर 'तसंच होवो' म्हणतं, म्हणून अभद्र बोलायचं नाही. आईचा यावर पक्का विश्वास होता. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्याच्या आदल्या आठवड्यात ते जेवताना म्हणाले होते, "आता बसून खायला मिळालं पाहिजे बुवा." गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर दिवसभर उभा राहणारा माणूस दुसरं काय म्हणणार. पण आईने ते लक्षात ठेवलं. झटक्यानंतर बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. आई म्हणायची, घराने ऐकलं.

ताई तेव्हा बी.कॉम. होऊन रेनकोटच्या एका छोट्या कारखान्यात ऑफिसात लागली होती. ऑफिस म्हणजे पत्र्याआड एक टेबल. पलीकडे यंत्रांवर प्लास्टिकच्या शिवणी तापवून चिकटवायचे. उरलेले तुकडे ती मागून आणायची. त्यांची तिने पाकिटं केली, तीन बाजूंनी चिकटवलेली, चौथी बाजू गुंडाळून रबर लावायची. एका पाकिटात बाबांच्या गोळ्या, एकात रेशनकार्ड नि शाळेचे दाखले, एकात काडेपेटी आणि मेणबत्त्या. टॉर्च वेगळा, त्याचे सेल वेगळे, कारण आत राहिले तर पाझरतात. डब्यात चणे, गूळ, खजूर. खुंटीला शिट्टी. "ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही," ती म्हणायची. खाटेच्या पायांखाली तिने विटा घातल्या. मोरीच्या भोकावर ठेवायला रेतीने भरलेली गोणी केली, कारण पाणी आधी दारातून येत नाही, मोरीतून वर येतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि कुणीच त्यावर काही केलेलं नव्हतं.

आई हे सगळं बघायची आणि कपाळाला हात लावायची. ताई म्हणायची, "आई, तू आगोट भरतेस ना?" आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची आमची कोकणी बेगमी. आई सुकट, सोडे, कोकमं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ असं सगळं डब्यांत भरून ठेवायची. मे महिनाभर घराला सुक्या मासळीचा वास असायचा. ताई म्हणाली, "तेव्हा वास्तू म्हणत नाही का तथास्तु, की आता चार महिने बाजार मिळणार नाही म्हणून?"

"आगोट पोटासाठी असते," आई म्हणाली. "तुझं हे सगळं मरणासाठी आहे."

"मरायचं असतं तर कशाला भरलं असतं?"

आईने कुळथाच्या पिठीला फोडणी दिली आणि कढईवर झाकण जरा जोरात ठेवलं.

खरी लढाई झाली ती ताडपत्रीवरून. बाबांना चालता येत नव्हतं, आणि जिना चाळीच्या दुसऱ्या टोकाला. पाणी चढलं तर त्यांना वर कसं न्यायचं, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नव्हता. ताईने तो विचारला आणि उत्तरही शिवून आणलं. माणसाच्या लांबीची जाड ताडपत्री, कडेला दोन्ही बाजूंनी पट्ट्यांच्या मुठी. चौघांनी चार कोपरे धरायचे आणि आडवं माणूस उचलायचं. तिने ती खाटेवर पसरली तेव्हा आईचा चेहरा पांढरा पडला.

"ही तिरडी आहे," आई म्हणाली. "जिवंत माणसाला बांधून उचलायचं?"

"बांधायचं नाही आई. झोपवायचं."

बाबा ऐकत होते. त्यांनी डोळे मिटले, डावा हात छातीवर घेतला आणि जीभ बाहेर काढून पडून राहिले. आईने हातातलं फडकं त्यांच्या अंगावर फेकलं. बाबांचं हसू तेव्हा अर्ध्याच तोंडाने यायचं, पण खाट हलायची.

आईच्या अडचणी दोन होत्या आणि दोन्ही बाबांच्या पायांशी होत्या. आमचं दार उत्तरेला. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, म्हणून बाबांचं डोकं मागच्या भिंतीला आणि पाय दाराकडे. सरळ उचललं की पाय आधी बाहेर जाणार. आणि पाय पुढे करून घरातून बाहेर काढतात ते फक्त मेलेल्या माणसाला. ताई म्हणाली, "मग खाट फिरव." आई म्हणाली, "डोकं उत्तरेला? वेडी की काय?" ताई म्हणाली, "तुझ्या देवांनी आधी आपसात बोलून घ्यावं." त्यावर दोघी दिवसभर बोलल्या नाहीत.

शेवटी तडजोड झाली. बाबांना उचलायचं, खोलीतच गोल फिरवायचं, आणि मग डोकं पुढे करून दारातून काढायचं. त्यासाठी शिलाई मशीन सरकवायची, लोखंडी कपाटाच्या कडेने वळायचं. वेळ जायचा, माझी कोपरं सोलवटायची, पण या अटीवर आई एक कोपरा धरायला तयार झाली. चौथ्या कोपऱ्याला वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन. दर रविवारी दुपारी, चहाच्या आधी, आम्ही बाबांना उचलून पॅसेजमध्ये नेत असू आणि परत आणत असू. समोरच्या परबकाकू दारात उभ्या राहून बघायच्या.

"काय गो सुमन, आज परत मयत?"

"हो काकू," ताई म्हणायची. "तुमचा नंबर पुढच्या रविवारी."

"तुझी जीभ काळी आहे बघ. दिवसरात्र पाणी पाणी. बोलावशील एक दिवस."

परबकाकू वाईट नव्हत्या. बाबा आजारी पडले तेव्हा पेज त्यांच्याकडून यायची. त्या फक्त मोठ्याने ते बोलायच्या जे सगळी चाळ मनात बोलत होती. माझ्यासारखी पुस्तकात तोंड घालून बसणारी मुलगीसुद्धा त्या रविवारी खाली मान घालून कोपरा धरायची. ताईची मान वर असायची. आज मी सातव्या मजल्यावर राहते, त्याच मुलुंडात. इथे नाला येणार नाही, पण वीज गेली की लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, आणि मजल्यावर दोन घरं अशी की ज्यांत माणूस खाटेवर आहे. ताई माझ्याकडे होती तेव्हा सोसायटीच्या सभेत तिने विचारलं होतं, यांना खाली कसं न्यायचं ठरलंय? चेअरमन म्हणाले, "मॅडम, चांगलं बोला." इतकी वर्षं झाली, इमारती बदलल्या, वाक्य तेच आहे.

पाणी खरोखरच चढलं त्या दिवशी सकाळी पाऊस होताच, पण ताई कामावर गेली नाही ती पावसामुळे नव्हे. चहा पिताना तिने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "नाला ऐक." मी ऐकलं. काही ऐकू येत नव्हतं. "तेच," ती म्हणाली. नाला भरून काठोकाठ आला की दगड बुडतात आणि तो गप्प होतो. तिने मेन स्विच बंद केला, गॅसचा रेग्युलेटर काढला, सिलिंडर ओट्याच्या पायाला दोरीने बांधला, कारण रिकामा होत आलेला सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि माणसाच्या पायांवर येतो. मोरीवर गोणी ठेवली. पाकिटं एका पिशवीत घालून पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. थोड्या वेळाने गोणीच्या कडेने बुडबुडे यायला लागले आणि तपकिरी पाणी फरशीवर पसरलं.

"आता उचलू," ताई म्हणाली. "घोट्याला आहे तोवर."

"दुपारपर्यंत उतरेल," आई म्हणाली. "नेहमी उतरतं. त्यांचा भात होऊ दे."

भात रॉकेलच्या स्टोव्हवर शिजत होता, स्टोव्ह ओट्यावर. आईने तो हलवला, शितं दाबून पाहिली, बाबांना थोडा पेजेसारखा केला आणि चमच्याने भरवायला बसली. ताई उंबऱ्यात उभी राहून पॅसेजकडे बघत होती. तिने घाई केली नाही. नंतर मी तिला विचारलं होतं, का थांबलीस? ती म्हणाली, "आई भरवत होती. तिला ओढून नेली असती तर तिने कोपरा धरला नसता."

बाबांचे अर्धे घास झाले असतील तेव्हा मागे भिंत कोसळल्यासारखा आवाज झाला. आमची नव्हे, नाल्याची. पाणी मोरीतून नाही, मागच्या खिडकीतून आलं, गठ्ठ्याने, आणि त्याने लोखंडी कपाट पुढे ढकललं. कपाट शिलाई मशीनवर कलंडलं आणि तिथेच अडकलं. पाणी माझ्या गुडघ्यांवर आलं होतं. ताईने शिट्टी वाजवली, लांब, पुन्हा पुन्हा, आणि वरून हंसाबेन साडी खोचत, धापा टाकत आल्या. "मी आली, मी आली. जाडी आहे, पण पडणार नाय. कुठला कोपरा माझा?"

ताडपत्री बाबांच्या खाली कायमच अंथरलेली असायची. आम्ही चौघींनी मुठी धरल्या, उचललं, आणि मग सगळ्यांना एकदमच दिसलं. फिरवायला जागा नव्हती. आम्ही जिथे वळत होतो तिथे कपाट आडवं होतं.

"सरळ," ताई म्हणाली.

आईने कोपरा सोडला नाही, पण ती पुढच्या बाजूला होती, बाबांच्या उजव्या पायापाशी, आणि ती मागे सरकत दारात गेली आणि तिथे उभी राहिली. दुसरा हात तिने चौकटीला लावला. "पाय पुढे नाही," ती म्हणाली. "सुमन, पाय पुढे नाही काढू देणार मी. कपाट हलव."

"आई, ते हलणार नाही."

"मग मी नाही सोडणार दार."

पाणी माझ्या मांड्यांना थंड लागत होतं. बाबांच्या पाठीखालची ताडपत्री पाण्याला टेकली होती. हंसाबेन पुटपुटत होत्या, "अरे भाभी, अरे भाभी." ताईने आपली मूठ दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरली, हे मला पट्ट्याच्या ताणातून कळलं. आणि मग बाबा बोलले. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा, एक शब्द आला की दुसऱ्याची वाट बघावी लागायची, आणि आम्ही सगळ्याजणी त्या पाण्यात ती वाट बघत उभ्या राहिलो.

"पाय," ते म्हणाले. मग, "माझे." मग बऱ्याच वेळाने, आईकडे बघून, "तुझे नाय."

आईने चौकटीवरचा हात काढला.

बाबा पाय पुढे करून घराबाहेर निघाले. आई पुढे, पाठ बाहेरच्या बाजूला, डोळे त्यांच्या तोंडावर. पॅसेजमध्ये ताईने थांबवलं, तिथे आम्ही त्यांना वळवलं, कारण जिन्यावर डोकं वरच्या बाजूला लागतं. वाटेत उघडं गटार होतं, ते आता दिसत नव्हतं. पण रविवारच्या तालमीत ताईने आमच्याकडून भिंतीला खांदा घासत चालायची सवय करून घेतली होती, आणि पायांनी ती आपोआप पाळली. हंसाबेनच्या खोलीत गादीवर ठेवलं तेव्हा बाबांच्या हनुवटीला अजून पेजेचं शीत चिकटलं होतं. आईने ते पदराने पुसलं. मग ती त्यांच्या छातीकडे बघत बसली, वर होते आहे का, खाली होते आहे का. हंसाबेनने चहा दिला तो तिच्या हातात थंड झाला.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. परबकाकूंचं सगळं गेलं होतं: गाद्या, धान्य, मुलाची पुस्तकं, लग्नातला शालू. त्या दिवशी त्या मुलाला घेऊन बहिणीकडे घाटकोपरला होत्या, म्हणून वाचल्या. परत आल्यावर घराकडे बघून त्या आमच्या दाराशी आल्या. ताई खराट्याने चिखल लोटत होती.

"बोलावलंस," काकू म्हणाल्या. "वर्षभर हाका मारत होतीस, आला तो. आणि त्यांना पाय पुढे काढलंत म्हणे." त्या आईकडे वळल्या. "आता सांभाळा हो वहिनी."

ताई खराटा चालवत राहिली. आईचा हात भिंतीला गेला.

वाचणाऱ्याला मी टांगून ठेवत नाही: बाबा त्यानंतर पुष्कळ जगले, दोन्ही नातवंडं त्यांनी पाहिली. पण आईला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. काकूंच्या त्या वाक्याबरोबर तिला जगायचं होतं. बाबा खोकले की ती हातातलं काम टाकून उठायची. देवासमोर जास्त वेळ बसायची. जेवताना बाबा काही बोलायला लागले की ती पटकन घास पुढे करायची, नको ते बोलतील म्हणून. शेजारच्या गाळ्यातली प्रेस बंद होती, मोटार जळली होती, आणि त्या शांततेत आम्हांला तिचे सुस्कारे ऐकू यायचे. ताईने ताडपत्री धुवून दांडीवर वाळत घातली होती आणि तिचा विषय काढला नाही. रविवार आला. दुपार झाली, चहाची वेळ आली. मी पुस्तक घेऊन बसले. आज तालीम होणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना न बोलता ठाऊक होतं.

आई ओट्याशी चहाचं आधण ठेवत होती. तिने ते उतरवलं. पदर खोचला, दांडीवरची ताडपत्री ओढून काढली आणि खाटेकडे आली.

"सुमन, ऊठ," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बाय, तू पण. हंसाबेनला हाक मार."

"आई," ताई म्हणाली, "राहू दे आज."

"का राहू दे? नाला सांगून येणार आहे?" तिने बाबांच्या पाठीखाली हात घालून त्यांना कुशीवर वळवलं आणि ताडपत्री खाली सरकवली. "आणि आता ते फिरवणं-बिरवणं नको. वेळ जातो त्यात. सरळ काढायचे."

ताई तिच्याकडे बघत राहिली. बाबाही बघत होते.

हंसाबेनला हाक मारली, पण त्या मंदिरात गेल्या होत्या. तीन कोपऱ्यांना तिघी उभ्या राहिलो, चौथा खाटेवरून लोंबत होता. समोर परबकाकू आपल्या दारात तांदळातला चिखल निवडत बसल्या होत्या. आमच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होत्या.

"वहिनी," आईने हाक मारली. "बसलात काय? या, कोपरा धरा."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. हात लुगड्याला पुसत त्या आल्या, उंबऱ्यात थोडं थांबल्या, आत आल्या आणि पट्टा हातात घेतला.

"धरते," त्या म्हणाल्या. "पण चांगलं नाही हं हे, सांगून ठेवते."

"ठेवा," आई म्हणाली. "उचला."